द्राक्षाची काडी आणि कांद्याचे डोंगळे

परवा रविवारी निफाडला दादाकडे गेले होते. भाची यंदा दहावीला, ओट्यावर बसून प्रजननाचा धडा पाठ करत होती, द्विविभाजन, मुकुलायन, शाकीय प्रजनन, मोठमोठ्यानं. म्हटलं अगं उठ, हे सगळं तुझ्या बापाच्या वावरात आहे, घोकतेस काय.

ऑगस्टमध्ये द्राक्षाच्या नव्या प्लॉटला कलमं केली तेव्हा ही कलमवाल्यांच्या मागं मागंच होती, त्यामुळे तिला सगळं आठवत होतं. मुळांसाठी लावलेल्या डॉगरिज जातीचा खुंट वरून कापायचा, मधोमध चिरायचा, थॉमसन या बिनबियांच्या जातीची डोळेवाली काडी खालून पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि पट्टी गच्च आवळायची. पण खरी मेख सालीच्या आत आहे, सालीखालचा हिरवा थर दोन्हीकडचा निदान एका बाजूनं तरी नीट भिडायला हवा, नाही भिडला तर काडी वाळलीच म्हणून समजा. मुळं डॉगरिजची, ती कमी पाण्यात आणि खाऱ्या जमिनीत तग धरतात. वर फुटते ती मात्र जिच्यावरून काडी आणली तीच वेल, तिचं लेकरू नाही, तीच. म्हणजे आपल्याकडच्या थॉमसनच्या बागा म्हणजे एकाच जुन्या वेलीचे तुकडे आहेत! मधूनच एखाद्या फांदीत आपोआप बदल होतो, शेतकऱ्याच्या नजरेत भरतो आणि मग ती काडी पुढं वाढवतात, तास-ए-गणेश, सोनाका या जाती अशाच आल्या.

मला यातली धास्ती वाटते ती डाऊनीची, म्हणजे द्राक्षावरच्या केवडा रोगाची. एका वेलीला जे झेपत नाही ते शेजारचीलाही झेपत नाही, कारण शेजारची वेगळी नाहीच ना. आणि ही बुरशी दोन्ही वाटांनी वाढते, पानाखाली पांढरी लव दिसते ते तिचे अलैंगिक बीजाणू, ते पावसात झपाट्यानं पसरतात, आणि लैंगिक प्रजननातून झालेले जाड भिंतीचे बीजाणू गळलेल्या पाल्यात दबा धरून राहतात. दादा छाटणीनंतर पाला गोळा करून बागेबाहेर काढतो तो त्यासाठीच.

भाची म्हणाली, "आत्या, थॉमसनला बी नसतं म्हणजे फलन होतच नसणार ना?" होतं गं! फलन होतं, पण गर्भ थोड्याच दिवसांत मरतो आणि बी तिथंच थांबतं, मणी फोडून नीट बघितलास तर बारीक मऊ खूण सापडते. मणी फुगवणारं संप्रेरक बियांकडून येतं, इथं ते कमी पडतं, म्हणून तर घड जीएमध्ये, म्हणजे जिबरेलिक आम्ल या संप्रेरकाच्या पाण्यात बुडवतात.

मग बांधापलीकडच्या डोंगळ्यात, म्हणजे बी धरायला लावलेल्या कांद्यात गेलो. बियाण्याचा कांदा सध्या फुलावर आहे, पांढरे गोल गोंडे आणि नुसती गुणगुण. कांद्याच्या फुलाचा पराग आधी सुटतो, त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे पराग दुसऱ्या फुलाचाच लागतो आणि तो आणणार माशी. दोन वर्षांपूर्वी दादानं फुलकिड्यांसाठी ऐन फुलात, सकाळी दहाला फवारा मारला. तिसऱ्या दिवशी प्लॉट मुका झाला होता, मला अजून ती शांतता आठवते. गोंडे दिसायला भरगच्च, एप्रिलमध्ये चोळले तर हातात नुसता भुसा, त्या वर्षी बी विकत आणावं लागलं. आता तो जे काय फवारायचं ते फुलं उमलायच्या आधी उरकतो, अगदीच गरज पडली तर दिवस मावळल्यावर, माश्या पेटीत गेल्या की. मधपेट्या भाड्यानं आणतो, त्याचे पैसे जातात पण मला ते खतापेक्षा जास्त मोलाचे वाटतात.

भाचीनं घरातून वहिनीच्या जुन्या ओढणीचा तुकडा आणला आणि अजून न उमललेल्या एका गोंड्याला हवा जाईल असा सैल बांधला, आत माशी शिरायला नको. शेजारच्या गोंड्याला लाल दोरा. एप्रिलमध्ये दोन्ही चोळून बी मोजणार आहे, मला तेव्हा यायला सांगितलंय.