पतंगाचा कागद आणि हातआरसा

पाचवीतल्या इंग्रजीच्या पहिल्याच तासाला बाईंनी फळ्यावर क ख ग घ ङ लिहिले. १९८५ चा जून होता. तेव्हा मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचे, त्यामुळे नव्याकोऱ्या चाररेघी वह्या उघडून आम्ही एबीसीडीची वाट पाहत बसलो होतो. बाईंनी कवर्गाखाली चवर्ग लिहिला, मग टवर्ग, तवर्ग, पवर्ग. मग वळून म्हणाल्या, "हे तुम्हाला पाठ आहे. पण क म्हणताना जीभ कुठे लागते, ट म्हणताना कुठे, हे कधी पाहिलंय का रे कुणी?"

उरलेला तास आम्ही तोंडातच शोध घेत होतो. कंठ, टाळू, मूर्धा (जीभ मागे वळून टेकते तो टाळूचा भाग), दात, ओठ. घशापासून ओठांपर्यंत वर्ण ओळीने लावलेले आहेत, हे पाढ्यासारखी मुळाक्षरे म्हणणाऱ्या आम्हाला त्या दिवशी प्रथम कळले. बाईंचे म्हणणे असे, की ज्याला हा तक्ता येतो त्याने इंग्रजी उच्चारांना भिऊ नये. फक्त जीभ थोडी इकडे, थोडी तिकडे न्यायची.

उदाहरणार्थ ट. आपला ट म्हणताना जीभ मागे वळून टाळूला टेकते. इंग्रजीतल्या 'टेबल'चा ट आपल्या त आणि ट यांच्या मधल्या जागी, वरच्या दातांमागच्या हिरडीवर होतो. बाईंनी वर्गात काही हातआरसे आणले होते. चौघांत एक असा तो फिरायचा आणि जो तो आपली जीभ कुठवर जाते ते पाहायचा. 'थिन'मधल्या थसाठी तर आरसा हवाच होता. आपला 'थंडी'तला थ जीभ दातांना टेकवून सोडला की संपतो. त्यांचा थ म्हणजे जिभेचे टोक आणि दात यांच्या फटीतून सतत वाहणारा वारा. "कडी वाजवू नका, फटीतून वारा येऊ द्या," असे बाई म्हणायच्या.

व चे प्रकरण अधिक अवघड होते, कारण तिथे देवनागरी फारशी मदतीला येत नाही. पश्चिम दिशा आणि बनियन यांचे इंग्रजी शब्द आपण 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' असे लिहितो, पण म्हणताना बहुधा सारखेच म्हणतो. दिशेतला व ओठांचा चंबू करून, आधी उ म्हटल्यासारखा. बनियनमधला व वरचे दात खालच्या ओठावर ठेवून, ओठाला गुदगुल्या होईपर्यंत. आपला व या दोन्हींच्या मधला, म्हणून आपल्याला त्यांतला फरक ऐकूसुद्धा येत नाही. बाई पाठमोऱ्या उभ्या राहून एक शब्द म्हणायच्या आणि आम्ही 'दिशा' की 'बनियन' ते ओरडून सांगायचो. माझा कान तयार व्हायला महिना लागला. कान तयार झाल्यावर ओठ आपोआप वळले. ऐकण्याआधी बोलण्याची घाई करू नये, हे मत मी तिथूनच घेतले आणि अजून बदललेले नाही.

पतंगाच्या कागदाचा तास मात्र सगळ्यांच्या लक्षात आहे. बाईंनी त्याची पट्टी तोंडासमोर धरली आणि 'पिन' म्हणाल्या. पट्टी फडफडली. मग 'स्पिन' म्हणाल्या, पट्टी जागची हलली नाही. आम्ही 'पिन' म्हटले तरीही ती हलेना, कारण आम्ही मराठी प वापरत होतो. शब्दाच्या सुरुवातीला, जोर असलेल्या जागी इंग्रजी प, ट, क यांच्यामागून हवेचा झोत येतो. आधी स आला की तो नाहीसा होतो. झोत नसला तर इंग्रजी कानाला 'पिन'चे 'बिन' वाटू शकते. आम्हाला तर अल्पप्राण (प सारखे, झोत नसलेले) आणि महाप्राण (फ सारखे, झोत असलेले) व्याकरणात होतेच! ओठ पूर्ण मिटून म्हटलेल्या फकडे थोडे झुका, एवढे सांगताच साऱ्या वर्गाच्या पट्ट्या उडाल्या.

गळ्यावर हात ठेवून स आणि झ ओळखायलाही त्यांनीच शिकवले. 'कॅट्स'च्या शेवटी स, पण 'डॉग्ज'च्या शेवटी झ, कारण ग म्हणताना घसा थरथरतो आणि ती थरथर पुढे जाते. 'वॉक्ट', 'प्लेड', 'वॉन्टेड' या तिघांची शेपटी लिहिताना एकच, बोलताना तीन तऱ्हांची. 'वॉकेड' म्हणणारा आमच्या वर्गात उरला नाही.

स्वर पुढच्या वर्षी आले. लिहायला पाच अक्षरे, पण इंग्लंडच्या प्रमाण बोलीत स्वरध्वनी २०, व्यंजने २४, मिळून ४४. 'शिप' आणि 'शीप'साठी ऱ्हस्व-दीर्घ होते, 'बॅट' आणि 'बॉल'साठी मराठीने डोक्यावर चंद्र घेतलाच होता. 'कार'मधला र त्या बोलीत गळतो. अमेरिकन आणि स्कॉटिश माणसे तो म्हणतात, तेव्हा तुम्हीही खुशाल म्हणा, अशी बाईंनी मुभा दिली होती.

पण सगळ्यांत मोलाचे त्यांनी सातवीत दिले, ते म्हणजे आघात, उच्चारातला जोर. मी शाळेच्या पथकात ताशा वाजवायचो. बाई म्हणाल्या, "ढोलाचा ठोका कुठे पडतो ते बघ, मधल्या जागेत ताशा किती काड्या भरतो ते बघ. इंग्रजी तशीच आहे." 'डॉग्ज चेस कॅट्स' यात तीन ठोके. 'द डॉग्ज विल हॅव चेस्ट द कॅट्स' यातही तीनच. मधले बारके शब्द ताशाच्या काड्यांसारखे झरझर जातात. घड्याळ लावून मोजले तर अंतर तंतोतंत सारखे भरत नाही, पण कानाला तोल तसाच लागतो. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो, म्हणून आपले इंग्रजी सपाट ऐकू येते. ठोका हलला की स्वरही बदलतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फटॉग्रफी'त दुसऱ्यावर, आणि त्याच्या आजूबाजूचे स्वर विरून आपल्या साध्या अ सारखे होतात. इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर हा विरलेला अ आहे, आणि त्याला स्वतःचे अक्षरच नाही.

या ठोक्याने मला पुढे नोकरीत सावरले. हिंजवडीत लागलो त्या वर्षी लंडनच्या एका ग्राहकाने फोनवर माझा 'डेव्हलपमेंट' तीनदा पुन्हा विचारला. शेजारी बसलेल्यांनी माना वळवल्या. मी एक क्षण थांबलो, टेबलावर बोट आपटले आणि जोर दुसऱ्या अक्षरावर नेला: डि-व्हे-लप्मेंट. पलीकडून लगेच "आह, येस" आले. आवाज चढवण्याची गरज पडली नाही.

त्याआधी, नववीत, एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत आमच्या एका मैत्रिणीच्या उच्चारांना प्रेक्षकांतली मुले हसली होती. ती नंतर कधी व्यासपीठावर चढली नाही, याचे मला आजही वाईट वाटते. बाईंना ते कळले तेव्हा त्यांनी पूर्ण तास घेऊन सांगितले, की चुकीची जीभ नसते, जिला दुसरी जागा अजून कुणी दाखवली नाही अशी जीभ असते.

२००० पासून आपल्या शाळेत इंग्रजी पहिलीपासून आहे. मुलांना शब्द लवकर मिळतात, पण वर्गात मी बसून पाहिले तेव्हा क ख ग घ ङ आणि इंग्रजी यांची गाठ कुणी घालून दिलेली दिसली नाही. शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आमच्या १९९१ च्या दहावीच्या तुकडीने ४० हातआरसे आणि पतंगाच्या कागदाचे दोन गठ्ठे शाळेला दिले आहेत. ते शिक्षकखोलीतल्या खिडकीजवळच्या कपाटात ठेवले आहेत, किल्ली शिपाईकाकांकडे असते. पाचवीच्या वर्गशिक्षकांनी ते जूनमध्येच मागून घ्यावेत.