रमण विज्ञान केंद्रापासून पिसदुऱ्याच्या वावरापर्यंत: मुलांसोबत डायनोसॉरच्या मागावर दोन दिवस

गेल्या डिसेंबरच्या अखेरीस माझा भाचा पुण्याहून नागपूरला सुट्टीसाठी आला. तो सातवीत आहे आणि त्याला डायनोसॉरची तीस-चाळीस नावे सहज तोंडपाठ आहेत. मात्र हे प्राणी अमेरिकेत आणि चीनमध्येच राहत असत, आपल्याकडे त्यांच्या सिमेंटच्या प्रतिकृती तेवढ्या आहेत, अशी त्याची ठाम समजूत होती. चौथीत शिकणाऱ्या माझ्या मुलीचेही मत त्याहून वेगळे नव्हते. विदर्भात वाढणाऱ्या मुलांच्या मनात अशी समजूत असावी, याचे मला मनापासून वाईट वाटले, कारण नागपूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावर जगभरातल्या अभ्यासकांना परिचित असलेली डायनोसॉरची जागा आहे. म्हणून आम्ही दोन दिवसांचा बेत आखला. पहिला दिवस शहरात आणि दुसरा दिवस चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यात, पिसदुरा गावाच्या परिसरात घालवायचा, असे ठरले.

पहिल्या दिवशी सकाळी तर्री पोहे खाऊन आम्ही गांधीसागर तलावासमोरच्या रमण विज्ञान केंद्रात गेलो. हे केंद्र १९९२ च्या मार्च महिन्यात सुरू झाले आणि त्याच्या आवारात प्रागैतिहासिक प्राण्यांचे उद्यान आहे. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी आधी हे उद्यान पाहावे आणि ऊन चढू लागले की आतल्या दालनांकडे वळावे. आम्ही तसेच केले आणि ते सोयीचे ठरले. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली मोठ्या संख्येने येत असल्यामुळे तिकीटखिडकी उघडताच पोहोचणे बरे. तारामंडलाचा खेळ पाहायचा असल्यास कोणत्या वेळेचा खेळ मराठीत आहे, हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे.

प्रतिकृतींसमोर उभे राहून छायाचित्रे काढण्यात बहुतेकांचा वेळ जातो. आम्ही तिथे पावले मोजण्याचा एक खेळ केला, आणि माझ्या मते त्या दिवसाचा सर्वांत उपयोगी अर्धा तास तोच होता. एक पाऊल म्हणजे दहा लाख वर्षे असे ठरवले. आजपासून मागे चालायला लागलो, तर डायनोसॉरांचा अंत ६६ पावलांवर येतो, कारण तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी झाला. टायरॅनोसॉरस रेक्स हा सर्वांच्या ओळखीचा मांसाहारी डायनोसॉर या अंताच्या अगदी तोंडावर होऊन गेला. पाठीवर हाडांच्या चकत्या मिरवणारा स्टेगोसॉरस मात्र तिथून आणखी ऐंशी पावले मागे, म्हणजे सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. याचा अर्थ असा की टायरॅनोसॉरस आणि स्टेगोसॉरस यांच्यात जेवढा काळ गेला, त्यापेक्षा टायरॅनोसॉरस आणि आपण यांच्यातला काळ कमी आहे. चित्रांत हे दोघे एकमेकांशी झुंजताना दिसतात. प्रत्यक्षात त्यांची भेट कधीच झाली नाही. पहिल्या डायनोसॉरांपर्यंत पोहोचायला सुमारे २३० पावले लागतात. आणि आपण माणसे? आपली जात साधारण तीन लाख वर्षांची आहे, म्हणजे एका पावलाचा तिसरा हिस्सा. मुलीने स्वतःच्या चपलेकडे पाहिले आणि ती बराच वेळ काही बोलली नाही.

तिथेच आणखी दोन समजुती दुरुस्त करून घेतल्या. चामड्यासारख्या पंखांनी उडणारे टेरोसॉर हे डायनोसॉर नव्हेत, ते त्यांचे दूरचे भाऊबंद होत. उलट तलावाकाठच्या झाडांवर बसलेले बगळे आणि आमच्या अंगणातल्या चिमण्या या मात्र डायनोसॉरांच्याच वंशातल्या आहेत. मांसाहारी डायनोसॉरांच्या एका शाखेपासून पक्षी उत्क्रांत झाले आणि १९९६ मध्ये चीनमध्ये पिसांसारख्या तंतूंच्या खुणा असलेला सायनोसॉरॉप्टेरिक्स सापडल्यानंतर या मताला मोठे बळ मिळाले. भाच्याला यातले बरेच ठाऊक होते. परंतु ‘डायनोसॉर पूर्णपणे नष्ट झाले’ हे वाक्य त्यामुळे चुकीचे ठरते, याकडे त्याचे लक्ष गेले नव्हते.

दुपारी सिव्हिल लाइन्समधल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, थोडा वेळ काढला. हे संग्रहालय १८६३ मध्ये स्थापन झाले. त्याच वर्षी नागपूरजवळ ओढा ओलांडताना बुडून स्टीफन हिस्लॉप यांचा मृत्यू झाला. हिस्लॉप कॉलेजमुळे हे नाव नागपूरकरांच्या तोंडी असते, पण हे स्कॉटिश मिशनरी फावल्या वेळात या भागातले दगड आणि जीवाश्म गोळा करीत, हे थोड्यांनाच माहीत असते. नागपूर परिसराच्या भूस्तरांवर त्यांनी आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह लेखन केले आणि पिसदुऱ्याच्या जीवाश्मांची सुरुवातीची नोंदही त्यांचीच. दुसऱ्या दिवशी आम्ही ज्या गावी जाणार होतो, त्या गावाची वाट आपल्याच शहरातल्या एका शिक्षकाने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी दाखवली होती, हे मुलांना आधी सांगितल्यामुळे त्यांची उत्सुकता वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला घर सोडले. बुटीबोरी आणि जांब मागे टाकून चंद्रपूरच्या रस्त्याने वरोऱ्याकडे जायचे. वरोरा नागपूरहून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. पिसदुरा आणि डोंगरगाव ही दोन्ही गावे त्याच तालुक्यात येतात. जाताना रस्त्यालगत दिसणारा काळा कातळ मुलांना अवश्य दाखवावा. तो डेक्कन ट्रॅपचा, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आपला भारत आशियाला जोडला जाण्याआधी समुद्रातून उत्तरेकडे सरकत असताना, जमिनीच्या भेगांतून हा लाव्हा पुन्हा पुन्हा वाहत आला आणि आज जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याने व्यापलेला आहे. या कातळाखाली जे नदी-तलावांच्या गाळाचे थर दबले आहेत, त्यांना जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून लमेटा थर असे नाव पडले. आपल्याकडचे डायनोसॉर सापडतात ते मुख्यतः याच थरांत. जबलपूरलाच १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमन यांना मोठी अश्मीभूत हाडे मिळाली होती, आणि गंमत म्हणजे ‘डायनोसॉर’ हा शब्द तेव्हा अस्तित्वातच नव्हता. रिचर्ड ओवेन यांनी तो १८४२ मध्ये रूढ केला.

पिसदुऱ्याला संग्रहालय, तिकीटघर किंवा उपाहारगृह मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. तिथे शेते आहेत, आणि जे काही आहे ते शेतांत आहे. गावात पोहोचल्यावर आधी थांबून कुणाच्या तरी परवानगीनेच वावरात पाऊल टाकावे. आम्हाला भेटलेले एक वयस्कर शेतकरी तुरीच्या बांधावर उभे होते. आम्ही येण्याचे कारण सांगताच ते म्हणाले, “हे गोटे पाहाले लय लांबून लोकं येतात, ताई. पाहा बिनधास्त, पण तूर तुडवू नका.” मुलांनी एका रांगेत, बांधाच्या कडेकडेनेच चालावे, असे आम्ही त्यांच्यासमोर मुलांना बजावले.

लालसर चिकणमातीच्या उघड्या पट्ट्यात थोडे वाकून पाहिले, तेव्हा मुलीलाच पहिला गोळा दिसला. वरून तो साधा, धुरकट, गोलसर दगड वाटतो. मोठ्या गोळ्यांचा व्यास दहा सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे आपल्या चांगल्या संत्र्याहूनही मोठा असतो. हे गोळे म्हणजे दगड झालेली विष्ठा, ज्यांना कोप्रोलाइट म्हणतात. सरळ मराठीत सांगायचे तर डायनोसॉरचे शेण. हे ऐकताच दोन्ही मुले आधी दोन पावले मागे सरली आणि लगेच गुडघ्यांवर बसून पाहू लागली. वास येत नाही, हात घाण होत नाही, कारण त्यात आता केवळ खनिजे उरली आहेत, हे मी सांगितले. पण त्यांना तेवढ्याने समाधान नव्हते. हे शेण डायनोसॉरचेच कशावरून, असा भाच्याचा प्रश्न होता, आणि तो अगदी योग्य प्रश्न आहे. विष्ठेवर मालकाचे नाव लिहिलेले नसते. याच थरांत लांब मानेच्या, शाकाहारी टायटॅनोसॉर गटातील प्राण्यांची हाडे सापडतात आणि गोळ्यांत वनस्पतींचे अवशेष आहेत, त्यावरून मोठे गोळे त्यांचे असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. तर्क आणि पुरावा यांतला फरक मुलांना समजावण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण मला तरी सापडलेले नाही. शिवाय याच गावच्या थरांतून कासवांचे आणि सापाचे अवशेषही मिळाले आहेत. मॅड्त्सोइया पिसदुरेन्सिस या प्राचीन सापाच्या शास्त्रीय नावात तर या गावाचे नावच कोरले गेले आहे.

मात्र या गोळ्यांची खरी कीर्ती गवतामुळे झाली. डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतर बऱ्याच काळाने पृथ्वीवर गवत आले, असे पूर्वी मानले जाई, आणि म्हणून डायनोसॉरांना गवतात चरताना दाखवणारे चित्र चुकीचे समजले जाई. २००५ मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद, स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, तसेच अशोक साहनी आणि त्यांचे सहकारी यांनी पिसदुऱ्याच्या कोप्रोलाइटांत गवताचे फायटोलिथ सापडल्याचे जाहीर केले. फायटोलिथ म्हणजे वनस्पतीच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे अतिसूक्ष्म कण. वनस्पती कुजली तरी ते उरतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीची ओळख पटते. बांधावरच्या गवताच्या पात्यावरून बोट उलटे फिरवले की ते चरचरते आणि कधी कापतेही, याला ही सिलिकाच बऱ्याच अंशी कारणीभूत असते. आम्ही मुलांना ते तिथेच, सांभाळून, करून पाहायला सांगितले. एकाच नव्हे, तर किमान पाच प्रकारच्या गवतांच्या खुणा त्या शेणात होत्या, म्हणजे गवताचे कुळ तोवर चांगलेच विस्तारले होते. पुढे २०११ मधील संशोधनात त्यातल्या काही कणांचे भाताच्या कुळाशी नाते असल्याचे दिसले. धानाच्या पट्ट्याला लागूनच राहणाऱ्या आपल्या माणसांना ही गोष्ट ऐकून किती आनंद व्हावा! अर्थात या प्राण्यांच्या आहारात गवताचा वाटा थोडाच होता; माड-ताडांच्या जातीची झाडे, सूचिपर्णी वृक्ष आणि इतर वनस्पती ते अधिक खात असत.

तिथून आम्ही डोंगरगावकडे गेलो. इथल्या टेकडीत १९८० च्या दशकात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अभ्यासकांनी उत्खनन केले आणि मिळालेल्या टायटॅनोसॉरच्या सांगाड्याचे वर्णन सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. २००३ मध्ये त्याला इसिसॉरस हे नाव मिळाले. त्यातली पहिली अक्षरे या संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. संख्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे नाव एका अवाढव्य प्राण्याला मिळावे, हे भाच्याला फार आवडले. त्याची हाडे कोलकात्याला आहेत, म्हणून टेकडीवर सांगाडा दिसणार नाही, हे मुलांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे. नाहीतर फार हिरमोड होतो. आम्ही वीसेक मिनिटे थांबलो, संत्री खाल्ली आणि निघालो.

परतीच्या वाटेवर गाडीत अंड्यांचा विषय निघाला. टायटॅनोसॉरचे अंडे किती मोठे असेल, असे विचारल्यावर मुलीने दोन्ही हात पसरले. प्रत्यक्षात ते साधारण पंधरा ते वीस सेंटीमीटर व्यासाचे, म्हणजे लहान टरबुजाएवढे असे. एवढ्या प्रचंड आईचे पिल्लू जेमतेम अर्धा मीटर लांबीचे असल्याचे गुजरातेतील एका घरट्यावरून कळते. त्या घरट्यात पिल्लाशेजारी वेटोळे घातलेला साडेतीन मीटर लांबीचा सापही दगड होऊन पडला आहे. तो दगड १९८० च्या दशकात धनंजय मोहबे या भारतीय भूवैज्ञानिकाने शोधला आणि सापाची ओळख पटून त्याला सनाजेह हे नाव मिळायला २०१० साल उजाडले. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याच्या परिसरात ९२ घरटी आणि २५६ अंडी मिळाल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथल्याच एका अंड्यात दुसरे अंडे आढळले. असे कधीकधी कोंबड्यांतही होते.

आमच्यामागून जाणाऱ्यांना काही गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. पावसाळ्यात पिसदुऱ्याला जाऊ नये. त्याआधीच्या वर्षी जुलैत आम्ही मोठी माणसेच गेलो होतो; काळ्या मातीत गाडीची चाके रुतली आणि ती काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागला. शिवाय पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्यांना आपला त्रास होतो. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम, आणि शेतात सकाळचे तिरपे ऊन असताना पाहिले तर गोळे चटकन नजरेस पडतात. पायात बंद बूट, डोक्याला टोपी आणि माणशी दोन लिटर पाणी असावे. स्वच्छतागृहाची सोय आणि जेवण वरोऱ्यातच उरकून घ्यावे. वेळ उरल्यास जवळच बाबा आमटे यांचे आनंदवन आहे, पण ते घाईघाईने पाहण्यासारखे नाही. त्यासाठी वेगळा दिवस ठेवावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिथून काहीही उचलून आणू नये. गोळा ज्या थरात, ज्या ठिकाणी पडला आहे, त्या जागेमुळेच अभ्यासकांना त्याचा अर्थ लावता येतो. तो आपल्या शोकेसमध्ये आला की निव्वळ दगड होतो. घरून मोजपट्टी, वही आणि रंगीत पेन्सिली न्याव्यात. मुलीने आपल्या गोळ्याची लांबी-रुंदी मोजली, त्याचे चित्र काढले, शेजारी मातीचा रंग भरला आणि खाली तारीख घातली. मग तो ज्या खळग्यात सापडला होता, त्याच खळग्यात तिने तो परत ठेवला, आणि बांधावर उभ्या असलेल्या त्या आजोबांना दुरूनच ओरडून सांगितले, “आजोबा, तुमचं शेण तुमच्या वावरातच ठेवलंय!”