फुलपाखराभोवतीचा चौकोन

"डॉक्टर, मार्करचं विष अंगात भिनलं असेल का हो?" खुर्चीत टेकायच्या आतच आईने विचारलं. मागे तेरा वर्षांची लेक, लांब बाह्यांचा शर्ट, मान खाली.

बाही वर केली. मनगटाच्या जरा वर काळं फुलपाखरू, अर्धवट पुसलेलं. त्वचा लालभडक, मधेमधे पाण्याचे बारीक फोड. आईने ते नेलपॉलिश रिमूव्हर आणि घासणीने काढायचा खटाटोप केला होता, त्यात एका पंखावरचं सालटंही निघालं होतं. (शाई दोनचार दिवसांत आपोआप गेली असती, वरची मेलेली कातडी झडते तशी तीही झडते. पण आयांना धीर नसतो.)

असं काही दिसलं की आम्हा त्वचावाल्यांना आधी काळी मेंदी आठवते. तिच्यात केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी आली की फोड नक्षीबरहुकूम उठतात. मेंदी उडून जाते, लाल नक्षी मागे उरते.

"मेंदी होती?"

"नाही. मार्करच. टॅटू घरी केला."

म्हणून भिंग घेऊन नीट पाहिलं, तर पुरळ फुलपाखराच्या आकाराची नव्हतीच. ती चौकोनी होती. रेषांखालची त्वचा आणि रेषांमधली कोरी त्वचा, दोन्ही सारख्याच लाल. शाईचा दोष असता तर लाली रेषांवर उठून दिसली असती. आणि सरळ कडांचे आजार शरीर आतून तयार करत नाही. तिथे बाहेरून काहीतरी लागलेलं असतं.

"कसा केलास ते सांग बघू. अगदी पहिल्यापासून."

आता मात्र मान वर आली. ट्रेसिंग पेपरवर परमनंट मार्करने चित्र काढायचं. हातावर डिओची कांडी जाड फासायची, कागदाएवढ्या जागेत. कागद पालथा ठेवून ओल्या फडक्याने दाबून धरायचा. मग पावडर, वर हेअरस्प्रे. "आणि नाव लिहायचं असेल ना, तर कागदावर उलटं लिहायचं, नाहीतर हातावर उलटं येतं," हे तिने मला बजावून सांगितलं.

कागदाएवढी जागा. चौकोन सापडला. पावडर आणि स्प्रे असे कडा राखून बसत नाहीत.

"लाल लगेच झालं?"

"नाही, दोन दिवसांनी खाज सुटली."

हेही जुळत होतं. मार्करमधलं अल्कोहोल त्वचेला झोंबलं तर काही तासांतच कळतं. ॲलर्जी बहुधा एकदोन दिवस घेते. मग मी विचारलं, "काखेत खाज येते का गं?"

बराच वेळ उत्तर नाही. मग हळूच, "महिनाभर येतेय."

आई तिच्याकडे बघतच राहिली. "अगं, मग बोलली का नाहीस?"

महिनाभर पोरगी घामोळं समजून, वास येऊ नये म्हणून तोच डिओ आणखी जास्त लावत होती. टॅटू झाला म्हणून निदान दवाखान्यात तरी आली.

डिओ बंद केला, सौम्य स्टिरॉइडचं मलम दिलं. मार्करला मात्र मी सरसकट निर्दोष ठरवलं नाही. डबीवरचं 'नॉन-टॉक्सिक' हे कागदावर वापरण्यापुरतं असतं, अंगावर चोळण्यासाठी नाही. खरचटलेल्या जागी आणि डोळ्यांजवळ तर नाहीच. चित्र काढायचंच तर अंगासाठी बनवलेले रंग घे, म्हटलं.

पुरळ पूर्ण बसल्यावर काही आठवड्यांनी पॅच टेस्ट केली. संशयित द्रव्यांचे छोटे ठिपके पाठीवर चिकटवून 48 तास ठेवतात, पट्ट्या काढून पाहतात आणि 96 तासांच्या सुमारास पुन्हा पाहतात. सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणाची जागा लाल होऊन फुगली, तिच्या डिओचीही. बाकी सगळं कोरं.

पट्ट्या काढल्यावर जागा ओळखू यावी म्हणून पाठीवर खुणा कराव्या लागतात. त्यासाठी मी जांभळा स्किन मार्कर उघडला तेव्हाच आई सावरून बसली होती. शेवटच्या दिवशी पोरीने पाठीचा फोटो मागितला. जांभळ्या रेघांची चौकट, त्यात आकडे. तिने तो आईसमोर धरला.

"बघ. आणि हा तर डॉक्टरांनीच काढलाय."