काउंटरखालचा राउटर

पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा सकाळी दहाला फोन आला. "तुम्ही लिनक्स टाकलेले तिन्ही काउंटर बंद आहेत. विंडोजवाले सगळे चालू. आता काय ते तुम्हीच बघा."

ती तीन मशीन चौथ्या पिढीच्या आय-थ्रीची. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. काउंटरचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं, म्हणून एसएसडी लावून मिंट हे लिनक्स टाकलं होतं. टॅलीचं मशीन, डिजिटल सहीच्या टोकनचं मशीन आणि पासबुक प्रिंटर यांना मी हात लावला नव्हता. युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये जिथे पत्रं टाइप होतात, तेही विंडोजवरच ठेवलं. आधी कामाचं सॉफ्टवेअर आणि प्रिंटर बघावेत, मग ऑपरेटिंग सिस्टिम ठरवावी. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं.

मिंटवर टर्मिनल उघडून 'आयपी ए' ही मशीनचा नेटवर्क पत्ता दाखवणारी कमांड दिली. पत्ता आला १९२.१६८.०.१०४. सर्व्हर १९२.१६८.१.१० वर. तिसरा आकडा एक हवा, तिथे शून्य. मुख्य राउटर शून्याचे पत्ते देतच नाही, म्हणजे नेटवर्कवर दुसरं कुणीतरी पत्ते वाटत होतं. विंडोजवाली मशीन का चालली, तेही तिथेच कळलं. आधीच्या माणसाने त्यांना हाताने पक्के पत्ते दिले होते, ती डीएचसीपीला, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेला, विचारतच नाहीत. मिंट विचारत होतं, आणि ज्याचं उत्तर आधी येईल ते धरत होतं. दोन दिवस 'कधी चालतं, कधी नाही' अशी तक्रार होती ती यामुळेच.

तिन्ही मशीनना मी तात्पुरते .१.५१ ते .१.५३ पत्ते हाताने दिले. काउंटर पाच मिनिटांत सुरू. पण मूळ शोधायचं तर केबल काढून बघाव्या लागतात, आणि कॅश चालू असताना केबल ओढली तर व्हाउचर अर्धवट अडकतं. दीडच्या सुट्टीपर्यंत थांबलो.

लॅपटॉपला शून्याच्या रांगेतला पत्ता दिला, पत्ते वाटणाऱ्या त्या दुसऱ्या यंत्राच्या १९२.१६८.०.१ ला सतत पिंग, म्हणजे उत्तर येतंय का याची तपासणी, लावला आणि २४ पोर्टच्या स्विचवरच्या केबल एकेक काढत गेलो. एकाही केबलवर लेबल नाही. ज्याने हे वायरिंग केलं त्याने पैसे घेतले, काम नाही केलं. सतराव्या केबलला पिंग थांबला. ती केबल गेली कर्ज विभागाच्या काउंटरखाली. तिथे घरून आणलेला वायफाय राउटर, मोबाइलसाठी. केबल बाहेरून इंटरनेट घेणाऱ्या वॅन पोर्टऐवजी आतल्या नेटवर्कच्या लॅन पोर्टमध्ये, डीएचसीपी चालू.

राउटर काढला. मोबाइलला मुख्य राउटरचं गेस्ट नेटवर्क दिलं, खातेवहीच्या नेटवर्कवर फोन नकोतच. तिन्ही मिंटचे पत्ते मॅकनुसार, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या क्रमांकानुसार, मुख्य राउटरवर राखून ठेवले. हे मी बसवतानाच करायला हवं होतं. पण राखलेला पत्तासुद्धा असा उपरा राउटर आधी बोलला तर वाचवत नाही. त्यासाठी मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा, स्विच घेऊन डीएचसीपी स्नूपिंग लावायचं, म्हणजे पत्ते फक्त मुख्य राउटरच्या पोर्टवरूनच येतात. कोटेशन दिलंय.

व्यवस्थापकांना ०.१०४ आणि १.१० शेजारी शेजारी लिहून दाखवले. त्यांना पटलं. कॅशियरताईंना नाही पटलं. त्यांच्या मशीनवर पुन्हा विंडोज १० चढवावं लागलं, विस्तारित सपोर्ट न घेता. सुरक्षा अपडेट बंद असलेल्या त्या एका मशीनवर रोजची कॅश जुळवून बंद केली जाते.