गोळ्या मोजून ठेवा, बाप्पा

नागपुरात मानेवाडा रोडला लागून असलेल्या एका गल्लीत आमचं मेडिकल आहे. दवाबाजारातून माल आणायचं काम नवऱ्याचं, काउंटर माझं. फार्मासिस्टही मीच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकीनं विचारलं, "का हो, तुमच्याकडे पोट्टे नशेच्या गोळ्या मागायला येतात का?" वाण हातात धरून सगळ्याजणी माझं तोंड पाहत बसल्या.

येतात ना. पण त्यांच्या डोळ्यांपुढे जो होता, केस वाढलेला, डोळे लाल, दिवसभर पानठेल्यावर उभा, तो माझ्याकडे क्वचित येतो. त्याला कुठं मिळतं ते त्याला ठाऊक असतं. माझ्याकडे येतो तो अकरावी-बारावीचा. पाठीवर क्लासची बॅग, बोलायला गोड.

"काकू, आजीच्या गोळ्या द्या ना." मोबाईलवर चिठ्ठीचा फोटो. अल्प्राझोलाम म्हणजे झोपेची गोळी, रात्री एक. तारखेचा कोपरा फोटोतून नेमका गायब.

"आजी कधी घेते रे ही गोळी?"

"सकाळी. नाश्ता झाल्यावर."

"लाव बरं आजीला फोन, मी बोलते."

"आजी झोपली आहे."

"बिनगोळीचीच झोपली ना? मग राहू दे."

पोट्टं हसलं अन् गाडी काढून गेलं. (गाडी चालवायचं वय तरी झालं होतं का, तो वेगळाच विषय.)

पुढच्या चौकात त्याला कोणी ना कोणी देतं, हेही मला माहीत आहे, अन् माझा खरा राग त्या 'कोणी ना कोणी'वर आहे. झोपेची अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, खोकल्याच्या सिरपमधलं कोडीन, दुखण्यावरचं ट्रामाडॉल ही सगळी औषधं शेड्यूल एच१ मधली, म्हणजे कडक नियमांच्या सरकारी यादीतली. मार्च २०१४ पासून हे शेड्यूल लागू आहे. चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, अन् दिलं की वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध अन् किती दिलं ते लिहायचं. ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं. ट्रामाडॉल तर २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. शिवाय अल्पवयीन मुलाला डॉक्टरच्या सांगण्याशिवाय असलं औषध देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी अन् १ लाखापर्यंत दंड आहे. एवढं असून चार पैशांसाठी गोळ्यांचा पत्ता पुढे सरकवणारे आमच्याच धंद्यातले आहेत. महिन्याच्या शेवटी रजिस्टर एका बैठकीत, एकाच पेनानं भरलेलं असतं त्यांचं. तपासणीला येणाऱ्याला ते दिसत नसेल, असं मला वाटत नाही.

पण मी हे लिहायला बसले ते एका आजींमुळे.

आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात. आजोबा गेले तेव्हा डॉक्टरांनी झोपेसाठी पाव मिलिग्रॅमची गोळी दिली, ती सुटलीच नाही. दर महिन्याला चिठ्ठी घेऊन स्वतः येतात, तीस गोळ्या नेतात, उन्हाळा असला तर मला दोन शब्द सुनावून जातात की दुकानात कूलर कसा नाही. एकदा महिना अर्धाही झाला नव्हता तेव्हा आल्या. "संपल्या बाई. मीच विसरून दोन-दोन घेत असंन. पोरगा म्हणते, मेंदूच्या डॉक्टरला दाखवू." पिशवीतून त्यांनी उरलेला तुकडा काढून काउंटरवर ठेवला.

आता आमच्या धंद्यातली एक बारीक गोष्ट सांगते. सुट्या गोळ्या देताना आम्ही पत्ता एक्सपायरी नसलेल्या बाजूनं कापतो, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत तारीख अन् बॅच नंबर शिल्लक राहतो. आजींना मी पूर्ण पत्ते दिले होते, अन् त्या गोळी बोटानं दाबून काढतात. कात्री कधी लावत नाहीत. हा तुकडा मात्र कात्रीनं कापलेला, तोही उलट्या बाजूनं. तारखेकडच्या चार गोळ्या खणांसकट गेलेल्या. विसरभोळी म्हातारी असं कापत नाही. ज्याला गोळ्या खिशातून न्यायच्या असतात, तो कापतो.

आजींना काही बोलले नाही. सूनबाईंना बोलावलं. आधी त्या माझ्यावरच उखडल्या, "आमच्या घरात असले धंदे नाहीत, ताई." मी रजिस्टर उघडून दाखवलं अन् एवढंच म्हटलं, की सासूबाईंच्या मेंदूची तपासणी करायच्या आधी डबा एकदा पाहा. पुढच्या खेपेला त्या दुपारी आल्या, दुकानात कोणी नसताना. नातवाच्या कंपासमध्ये, कोनमापकाखाली, पत्त्याचे तुकडे सापडले होते. पोरगा नीटची तयारी करणारा. टेस्टच्या आदल्या रात्री झोप लागेना, तर पहिली अर्धी गोळी त्याला कोणी दिली? आजीनंच. प्रेमानं. "घे राजा, मी रोजच घेते, काही होत नाही." मग तो स्वतः घ्यायला लागला, मग क्लासमधल्या दोस्तांना पुरवायला लागला.

मला यात पोरगा बिघडलेला दिसत नाही. घरात ज्या वस्तूला रोज चहासारखं हाताळतात, तिला त्यानंही तसंच हाताळलं. पोरांना दारूची भीती घालतो आपण, गांजाची घालतो. गोळी मात्र डॉक्टरची, कंपनीची, चकचकीत पत्त्यातली, म्हणून ती 'औषध'. अन् औषधानं काय होते? या गोळ्यांनी मेंदू संथ होतो, आदल्या रात्रीचं काही आठवत नाही, जेवढ्या गोळीनं पहिल्यांदा झोप लागली तेवढीनं महिन्याभरात लागत नाही. वरून बीअर घेतली, किंवा कोडीन-ट्रामाडॉलसारखं काही घेतलं, तर श्वासच मंदावतो. जीव जातो तो इथं.

आणखी एक, घाबरलेले आईबाप हमखास करतात ते: कळल्या दिवशी गोळ्या हिसकावून संडासात टाकतात अन् पोराला खोलीत कोंडतात. रोज घेणाऱ्याची अशी गोळी एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. डोस हळूहळू उतरवावा लागतो, अन् ते काम मानसोपचारवाल्यांचं. सूनबाईंना पागलखाना चौकाकडे, मनोरुग्णालयात, जायचं नाव नको होतं. कोणी पाहिलं तर? म्हटलं, मग सरकारी मेडिकल कॉलेजच्या किंवा मेयो दवाखान्याच्या ओपीडीत जा, तिथल्या गर्दीत कोणाला कोणाचं पडलं नसतं. तेही नको असेल तर १४४१६ वर टेलि-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. गेले ते शेवटी मेडिकल कॉलेजला. डॉक्टरांनी नातवाची गोळी उतरवायला घेतली अन् सोबत आजींचीही. आजी अजून माझ्यावर रुसून आहेत.

जिमवाल्या पोरांचं प्रकरण निराळं. त्यांना बीपी वाढवायचं इंजेक्शन पाहिजे असतं, मेफेंटरमीन. ऑपरेशनच्या टेबलावर, पाठीत भूल दिल्यावर बीपी उतरलं तर भूलतज्ज्ञ वापरतात ते. ही पोरं ते दंड मारायच्या आधी टोचून घेतात. छाती धडधडते, झोप उडते, काहींना तर आपल्यामागे कोणी लागलं आहे असे भास होतात. मी ते ठेवतच नाही. मागणाऱ्याला सांगते, तर्री-पोहे कमी कर अन् अंडी खा.

सिरपचं म्हणाल, तर २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याकडची लेकरं विषारी खोकल्याच्या औषधानं किडन्या निकामी होऊन आपल्या नागपुरातल्या दवाखान्यांत मेली. तेव्हापासून आया बाटली उलटीपालटी करून वाचतात, हे चांगलंच. पण ते विष कारखान्यातून आलं होतं. मोठ्या पोरांचं वेगळं आहे. कोडीनच्या सिरपमध्ये भेसळ नसली तरी ही पोरं नशेसाठी अख्खी बाटली तोंडाला लावतात. ५ मिलिलीटरला १० मिलिग्रॅम कोडीन, म्हणजे १०० ची बाटली संपवली की २०० मिलिग्रॅम. लिव्हर त्यातलं काही मॉर्फिन करून टाकतं. कोणाचं लिव्हर किती करंन, हे बाहेरून सांगता येत नाही.

अन् साधी पॅरासिटामॉल? चिठ्ठी लागत नाही म्हणून तिला कोणी औषधात धरत नाही. आपल्या कायद्यात बिनचिठ्ठीच्या औषधांचं असं वेगळं शेड्यूलच नाही. जे एच, एच१, एक्स या चिठ्ठीच्या औषधांच्या याद्यांत नाही, ते काउंटरवर चालतं. रागाच्या भरात दहावीतली पोरगी घरातली अख्खी पाकिटं गिळते, पहिल्या दिवशी फक्त मळमळते, सगळ्यांना वाटतं निभावलं, अन् लिव्हरचं खरं नुकसान दोन-तीन दिवसांनी वर येतं. त्यावर उतारा आहे, पण तो लवकर मिळावा लागतो. बरी दिसते म्हणून घरी थांबू नका, त्याच तासाला न्या.

हळदीकुंकवात मी एवढं बोलले नाही, तिळगूळ खाऊन आले. पण आता गल्लीतल्या बायकांना सांगते: ऑपरेशन झालं, कॅन्सरचं माणूस गेलं, दुखणं संपलं, की उरलेल्या गोळ्या फ्रीजवरच्या डब्यात ठेवू नका. २०२५ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेनं १७ औषधांची यादी काढली, जी घरात उरली तर संडासात फ्लश करावी. ट्रामाडॉल, डायझेपाम त्यात आहेत. चालू गोळ्या असतील त्या कपाटात, कुलपात. पत्त्यावर पेनानं तारीख टाका. आजीची गोळी आणायला नातवाला पाठवू नका. पाठवलं तर मी देत नाही, मग संध्याकाळी सातच्या गर्दीत येऊन माझ्याशी भांडू नका.