तुम्ही विचारलंत म्हणून: कोपऱ्यात तो ग्राफ कशाला?

स्टुडिओत येणारा प्रत्येक जण हे विचारतो. लग्नाच्या व्हिडिओचं एक्स्पोर्ट चालू असतं आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात एचडब्ल्यूइन्फोच्या, म्हणजे लॅपटॉपच्या आत काय चाललंय ते दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, दोन रेषा सरकत असतात, एक तापमानाची, एक प्रोसेसरच्या वेगाची. "बघत बसल्यानं लॅपटॉप थंड होतो का?" नाही होत. अकोल्यात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना तो तापणारच. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचला की तो आपला आपण वेग उतरवतो. नव्वदीला मी घाबरत नाही.

मी घाबरते ते कारण न कळता मंद पडण्याला.

ऐन लग्नसराईत लॅपटॉप अचानक रखडायला लागला. नवरीचे वडील रोज फोन करत होते. दुरुस्तीवाल्यानं आधी फॉर्मॅट केला, मग थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप, बदलली, मग म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय मॅडम, नवीनच घ्या." मी कर्जाचा अर्जसुद्धा भरला होता. त्या रात्री दोन्ही रेषा एकाखाली एक लावल्या. तापमान साठीच्याही खाली, आणि वेग ८०० मेगाहर्ट्झला खिळलेला. गरम नाही, तरी मंद! चार्जर काढला, तर वेग लगेच ३ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे ३००० मेगाहर्ट्झच्या वर. लावला, की परत ८००. काही चार्जरना मधोमध एक बारीक पिन असते. चार्जर किती वॅटचा आहे, हे लॅपटॉपला तिच्यातून कळतं. ती ओळख पटली नाही की तो वीज कमी ओढावी म्हणून प्रोसेसरचा वेग आवळतो. माझ्या चार्जरची ती पिन वाकली होती. नवा चार्जर आणला आणि व्हिडिओ पूर्ण करून पाठवला. एवढ्यासाठी मला नवा लॅपटॉप घ्यायला लावत होते, याचा राग अजून जात नाही.

"विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये दिसतो की वेग," असंही ऐकते. दिसतो, पण तिथला ग्राफ ६० सेकंदांचा, आणि शेजारी प्रोसेसरचं तापमान नाही. एक रेषा एकटी काहीच सांगत नाही.

लक्ष तुटतं, हे मात्र खरं. वेग जरा खाली आला की माझी नजर कट सोडून तिकडे जाते. पूर्वीची मी म्हणाली असती, "तक्रार आली की लाव, एरवी बंद ठेव." पण नीट चालताना वेग किती होता, हे मग कशावरून ठरवायचं? "फाइलमध्ये नोंद होऊ दे, बघतेस कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नाही. नोंद होतेच, दर दोन सेकंदांनी. तरी विंडो मिटवावीशी वाटत नाही. सध्या एडिट करताना ती झाकते, एक्स्पोर्टला लावलं की पुन्हा उघडते.