भाऊबीजेच्या तबकातला भोपळा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ताईच्या क्लासला मुलांना सोडायला येणारे आईबाप, दाजींचे मित्र, आमच्या सांगलीच्या घरी येणारे पाहुणे, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. ताईच्या बैठकीत कोनाड्यात तो तडकलेला भोपळा बघतात आणि मला गाठून विचारतात, "भाऊबीजेला सख्ख्या बहिणीला हा दिलात, ते तुम्हीच ना? असं का केलंत?"

हो, मीच. २०१८ सालची गोष्ट आहे. आणि का केलं हे कळायला आधी ताई कळली पाहिजे.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिला काही द्यायचं म्हणजे महाकठीण काम. साडी नेली, तर "कपाटात जागा कुठाय रे" म्हणत ती माझ्याच बायकोच्या अंगावर लावून बघणार आणि "तुलाच शोभते" म्हणून देऊन टाकणार. पाकीट दिलं, तर निघताना ते माझ्या पोरांच्या हातात. एका वर्षी तिने ते निमूटपणे घेतलं, मला बरं वाटलं. घरी येऊन बॅग उघडली, तर फराळाच्या पिशवीत चिवड्याच्या डब्याखाली माझंच पाकीट, त्यावर तिने लावलेल्या कुंकवाच्या बोटासकट. देताना हात सैल आणि घेताना मूठ आवळलेली, अशी आमच्या घरातल्या बायकांची जातच आहे. आईही तशीच होती.

लग्नाआधी ताई मिरजेला गाणं शिकायची. आई आम्हा दोघांना मीरासाहेबांच्या दर्ग्यातल्या संगीतसभेला न्यायची. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर तिथेच आहे. मी आईच्या मांडीवर झोपून जायचो, ताई पहाटेपर्यंत टक्क जागी. लग्नात तिच्याबरोबर तिचा तानपुरा साताऱ्याला गेला. पुढे वीसेक वर्षांनी घर बदलताना सामान उतरवणाऱ्याच्या हातून तो निसटला आणि भोपळा फुटला. भोपळा नवा बसवून मिळतो, हे तिलाही ठाऊक होतं. पण आधी मुलीचं शिक्षण, मग सासूबाईंचं आजारपण. दर वेळी "बघू पुढच्या वर्षी". पन्नाशी उलटल्यावर तिने आजूबाजूच्या मुलांना शिकवायला सुरुवात केली ती फोनवरचा तानपुरा लावून. त्या तानपुऱ्याचे स्वर चोख असतात, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण तो लागल्यावर ताईचा उजवा हात उगाच मांडीवर हलायचा, आधी मधलं बोट, मग तर्जनी, नसलेल्या तारा छेडत. ते मी पाहिलं आणि ठरवलं.

आता नवा तानपुरा सरळ नेऊन दिला असता तर काय झालं असतं, मला पाठ होतं. "एवढा खर्च कशाला? परत कर आधी." मिरजेच्या कारागिराला फोन लावून तिने स्वतःच परत केला असता.

त्या वर्षी जूनमध्ये मी ऑर्डर द्यायला मिरजेत गेलो. तिथले तानपुरे करणारे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना पाणी देणारी, धार लावणारी माणसं. त्यांच्यातली काही घराणी वाद्यं करण्याकडे वळली आणि दीडशेहून जास्त वर्षं मिरजेत ही कला चालू आहे. दुकानात माळ्यावर भोपळेच भोपळे टांगलेले. हे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, भीमेच्या काठचे. चवीला कडू, खायच्या कामाचे नाहीत. महिनोन्महिने वाळवायचे, मग कापून, भिजवून, आकार धरवून त्यावर तबली, म्हणजे लाकडी झाकण, बसवायची, गळा जोडायचा, वर दांडी. कोपऱ्यात एक भोपळा वेगळा ठेवला होता. "हा गेला, वाळताना तडकला," कारागीर म्हणाले. मी उचलून हलवला. आत बिया खुळखुळल्या.

तो आवाज ऐकला आणि मला आईचा भोंडला आठवला. फेर संपला की खिरापत ओळखायची, डबा हलवून. आमच्या आईची खिरापत गल्लीत कुणाला ओळखता यायची नाही. शेंगदाण्याचे लाडू ती फडक्यात घट्ट बांधायची, म्हणजे वाजू नयेत, आणि डब्यात दोन सुट्या सुपाऱ्या टाकायची, म्हणजे वाजून फसवावं. मुली थकून "हरलो" म्हणायच्या, तेव्हा कुठे झाकण निघायचं. त्या लाडवाला जी चव होती ती आई एरवी लाडू करायची त्याला नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. मी तो तडकलेला भोपळा मागून घेतला.

भाऊबीजेला पाट मांडला, रांगोळी घातली. तबकात निरांजन, अक्षता, सुपारी, अंगठी. ताईने मला ओवाळलं. मी जुन्या ओढणीत गुंडाळलेलं ते धूड तबकाशेजारी ठेवलं आणि म्हणालो, "ही तुझी ओवाळणी." तिने गाठ सोडली. भाची खो खो हसत सुटली, "मामा, आतली म्हातारी कुठाय?" ताईही हसली. हसता हसता तिने भोपळ्यावरून हात फिरवला आणि तिचं बोट त्या तड्यावर येऊन थांबलं. हसू तिथेच विरलं.

"आमचाही असाच गेला होता रे," ती म्हणाली.

खरं सांगतो, माझ्या पोटात गोळा आला. चार महिने मी या गमतीचा विचार केला होता, पण तिचाही भोपळाच फुटला होता हे एकदाही मनात आलं नव्हतं. माझा बेत होता की "यंदा एवढंच" म्हणायचं, फराळ करायचा, चहा घ्यायचा, तिला तासभर तरी झुलवायचं. तो बेत मी तिथेच सोडला. तिला म्हणालो, "ताई, त्याला कुंकू लाव. ओवाळणी घेतली असं म्हण." तिने लावलं, वर अक्षता टाकल्या. मग सवयीने बोटाचा पेर वाकवून भोपळ्यावर टिचकी मारली, कान जवळ नेला, आतल्या बियांचा आवाज ऐकला आणि म्हणाली, "घेतली."

दाजींना सगळं आधीपासून माहीत होतं. ते शेजाऱ्यांकडे ठेवलेला तानपुरा गवसणीसकट घेऊन आले. मी म्हणालो, "ओवाळणी म्हणून घेतलेलं परत करायचं नसतं. भोपळा घेतलास, त्याची दांडी आणि तारा मागून आल्यात."

ती "कशाला" म्हणाली नाही. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली नाही. गवसणी काढून तिने तानपुरा आडवा मांडीवर घेतला, पदराने तबली पुसली आणि लावायला बसली. आधी पंचमाची तार, मग मधल्या जोडाच्या दोन तारा, मग खर्जाची तार. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचं सूत नखाने केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी आल्यावर तार नुसती वाजायची थांबली आणि गुंजायला लागली, जवारी उघडली. फराळाची ताटं तशीच राहिली, चहा गार झाला, कुणी हाक मारली नाही.

अशी गंमत सगळ्यांनी करावी का, हे तुम्ही पुढे विचारता. मला स्वतःला एकदा फार महागात पडली आहे. आईच्या साठीला मी तिला पैठणी घेतली आणि गंमत म्हणून मिक्सरच्या खोक्यात घालून दिली. आईने खोकं पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. तिचा मिक्सर वर्षभर कुरकुरत होता, तिला खरोखर मिक्सरच हवा होता. खोकं उघडल्यावर ती "छान आहे हो" म्हणाली, पैठणी नेसलीही. पण तो आधीचा उजळलेला चेहरा मी पाहिला होता आणि तो पैठणीने परत आला नाही. दुसऱ्या दिवशी मी मिक्सर आणला. म्हणून मला विचाराल तर फसवायचं ते नको असलेल्या वस्तूने. खोक्यावर दाखवाल ते समोरच्याला मनातून हवं असेल, तर आत सोनं ठेवलंत तरी त्याचं काहीतरी गेलेलंच असतं. आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवायची नाही. ताईचं बोट तड्यावर थांबलेलं मला दिसलं नसतं आणि मी तासभर ताणलं असतं, तर तानपुरा देऊनही मी तिला रडवून आलो असतो.

त्या भाऊबीजेला घरी येऊन मी बॅग तपासली. सवयच झालीय. चिवड्याच्या डब्याखाली पाकीट नव्हतं. वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी होती, तिच्यात सात-आठ चपट्या बिया. तड्यातून हेअरपिन घालून काढल्या असणार.

त्यातल्या निम्म्या मी डब्यात जपून ठेवल्या होत्या. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर परसात लावल्या. दोनच रुजल्या, पण एक वेल कुंपणावर चांगला चढलाय आणि त्याला एक भोपळा धरलाय, माझ्या दोन्ही तळव्यांत मावेल एवढा. ताईला अजून सांगितलेलं नाही. क्लासला गेलात तर तुम्हीही बोलू नका.